माया

ऑफिसच्या लिफ्टमध्ये परवा एकीनं विचारलं, "नवीन का गं शर्ट?"

"हो," मी म्हणाले.

शर्ट सात वर्षांचा आहे. बरेच दिवस तो कपाटातल्या थप्पीच्या तळाशी पडून होता, त्या दिवशी हाताला लागला म्हणून घातला. "नाही गं, जुनाच आहे" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण तोंडातून "हो" निघून गेलं आणि खाली येईपर्यंत मी त्या खोट्याचाच विचार करत राहिले. जुना म्हणायची लाज वाटली म्हणावं, तर सकाळी मी तो मोठ्या हौसेनं इस्त्री करून घातला होता. बहुधा तिच्या आवाजातलं कौतुक हातचं जाऊ नये, एवढंच. कौतुक नव्याचं होतं. सात वर्षं टिकलेल्याचं कोण करतं?

जागेवर येऊन बसले तेव्हा दुसरा प्रश्न पडला. मग खरोखरचा नवा कपडा आपण शेवटचा कधी घेतला? मेल चाळले, पावत्या शोधल्या. चौदा महिने झाले होते. (मोजे आणि आतले कपडे मी यात धरलेले नाहीत. ते कुणीच धरत नाही.)

मी काही व्रत घेतलं नव्हतं. वर्षभर काही घेणार नाही, कपाटात तेहेतीसच कपडे ठेवीन, असे संकल्प करणारी माणसं असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि थोडी भीतीही. माझं तसलं काही नव्हतं. मोठी काटकसर चालली होती असंही नाही. घ्यावंसं वाटेनासं झालं, इतकंच. भूक मेल्यावर जेवणाची वेळ टळून गेली तरी कळत नाही, तसं. मग मी आसपास विचारत सुटले. भावानं सांगितलं, "घरूनच काम करतो, कुणाला दाखवू?" एका मैत्रिणीनं सांगितलं, "घरभाडं बघ आणि मग विचार." दुसरी म्हणाली, "आहेत तेच संपत नाहीत." एक जण तावातावानं पृथ्वीबद्दल बोलला, तो बोलत असताना त्याच्या पायातले कोरे बूट मी पाहत होते. कारणं निरनिराळी, पण हात आखडल्याचं सगळेच सांगत होते.

आता याला लगेच जगाचा कल म्हणायला मी तयार नाही, कारण आकडे भलतंच बोलतात. सन २००० मध्ये जगात सुमारे ५.८ कोटी टन तंतू तयार झाले. तंतू म्हणजे कापूस, लोकर, पॉलिएस्टर, सगळं धरून. २०२३ मध्ये तो आकडा १२.४ कोटी टनांवर गेला, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त एकटं पॉलिएस्टर होतं. युरोपीय संघातल्या माणसानं २०२२ मध्ये सरासरी १९ किलो कापड, कपडे आणि पादत्राणं घेतली. २०१९ मध्ये हेच १७ किलो होतं. म्हणजे मी आणि माझ्या चार ओळखीच्या माणसांनी हात आखडल्यानं गिरण्यांना काही फरक पडलेला नाही. आम्ही घेतलं नाही ते दुसऱ्या कुणीतरी घेतलं, किंवा कुणीच घेतलं नाही आणि ते गोदामात पडून राहिलं. कपडे कमी विकले जातायत की नाहीत, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न झाला. मला कुतूहल आहे ते जी माणसं कमी घेऊ लागली त्यांचं. त्यांच्यात, म्हणजे माझ्यातही, नेमकं काय विटलं?

पैशापासून सुरुवात करू, कारण तो विषय लवकर संपतो. जमाखर्चाच्या शास्त्रात वस्तूंचे प्रकार पाडतात. धान्य लगेच संपणारं, फ्रिज टिकाऊ, आणि कपडे या दोहोंच्या मध्ये: अर्धटिकाऊ. अर्धटिकाऊ वस्तूची गंमत अशी, की ती घेणं पुढे ढकलता येतं. भाडं ढकलता येत नाही, औषध ढकलता येत नाही. स्वेटर मात्र अजून एक हिवाळा काढतो, आणि काढला की त्याच्या पुढचाही काढतो. २०२२ मध्ये महागाई भडकली तेव्हा (अमेरिकेत जूनमध्ये ९.१ टक्के, युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबरमध्ये १०.६) बऱ्याच घरांत कात्री लागली ती कपड्यांना. कात्री कपड्यांनाच लागायची, हे एका परीनं योग्यच झालं म्हणा.

पण पैशाचं कारण पुरं पडत नाही. अमेरिकेतल्या कुटुंबाच्या एकूण खर्चात १९०१ मध्ये कपड्यांचा वाटा १४ टक्के होता. शंभर वर्षांनी तो ४ टक्क्यांच्या आसपास आला, आणि तरी कपाटं कितीतरी मोठी झाली. म्हणजे कपडा इतका स्वस्त झाला की तो घ्यायला कारण लागेनासं झालं. आणि जे घ्यायला कारण लागत नाही, ते न घ्यायलाही लागत नसावं. माझ्या चौदा महिन्यांचं मूळ मला इथे कुठेतरी दिसतं.

मग २०२० आलं. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कपड्यांच्या दुकानांची विक्री आदल्या महिन्यापेक्षा जवळजवळ ७९ टक्क्यांनी कोसळली, आणि आदला महिनाही काही सुखाचा नव्हता. दुकानंच बंद, त्यामुळे त्या आकड्यात नवल नाही. नवल मला माझ्याच कपाटाचं वाटलं. दीड वर्ष मी पाच-सहा कपड्यांत काढलं. त्यातला एक शर्ट खास मीटिंगचा, म्हणजे फक्त गळा आणि खांदे असलेला. खाली काय घातलंय ते माझं मला माहीत. उरलेले सगळे हँगरवर जसेच्या तसे. बाहेर पडायला लागलो तेव्हा मी कपाट उघडून उभी राहिले आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. ही बाई कोण, जिला एकाच काळ्या रंगाच्या पाच पँटी लागत होत्या? पाचांत काहीतरी फरक असणार, नाहीतर घेतल्याच नसत्या. पण तो मला आता दिसेना.

मराठीत नवा कपडा पहिल्यांदा घालण्याला घडी मोडणं म्हणतात. किती नेमका शब्द आहे. कपडा दुकानातून येतो तेव्हा त्याची घडी त्याची स्वतःची असते: कडक, कोपरे जुळलेली, जरा ताठ्यातली. ती आपण मोडतो तेव्हा तो आपला होतो. पुढे आपणही त्याची घडी घालतो, पण ती वेगळी, मऊ, घरची. लहानपणी घडी मोडायचा दिवस आधी ठरलेला असायचा, आणि तोवर तो कपडा रोज एकदा नुसता उघडून बघायचा. रोजचे कपडे वेगळे, ठेवणीतले वेगळे. ठेवणीतला रोजच्यात कधी येणार याचेही नियम असायचे: कोपर विरलं, रंग विटला, उंची कमी पडायला लागली, की तो खालच्या पायरीवर यायचा. तिथून पुढे घरातला, मग पुसायचं फडकं, मग पोतेरं. कपड्याला असं आयुष्य असायचं, आणि नवेपण ही त्या आयुष्याची फक्त पहिली पायरी.

आता नवेपण रोज येतं. कपड्याची कल्पना सुचल्यापासून तो दुकानात टांगला जाईपर्यंत पूर्वी महिने जायचे. १९८९ च्या शेवटी झारा ही स्पॅनिश कंपनी न्यूयॉर्कमध्ये उतरली तेव्हा हे काम पंधरा दिवसांत होतं, याची वर्तमानपत्रात बातमी झाली होती. आज ऑनलाइन दुकानांवर दिवसाला हजारो नवे नमुने चढतात. नव्याचे नऊ दिवस म्हणायची सोय राहिलेली नाही. मोबाइलवर बोट सरकवताना एखादा झगा आवडतो, आणि बोट पुढच्या झग्यावर गेलं की आधीचा जुना झालेला असतो. विकत घेण्याआधीच. माझं असं बऱ्याचदा व्हायला लागलं. टोपलीत सहा-सात कपडे टाकायचे, झोपायचं, सकाळी उठून काढून टाकायचे. टोपलीत टाकतानाच घेतल्याचा आनंद होऊन जायचा. मग पैसे भरणं हे नुसतं कारकुनी काम उरायचं. हा माझा संयम आहे असं मी बराच काळ समजत होते. संयम नव्हता तो, अजीर्ण होतं.

पण मला खरं बोलायचंय ते शिवणीबद्दल.

आई घरी कपडे शिवायची. कापड बेतताना ती मापाच्या रेघेबाहेर खडूनं दुसरी रेघ मारायची आणि त्या बाहेरच्या रेघेवर कापायची. दोन रेघांमधल्या त्या पट्टीला शिवणकामात माया म्हणतात. "माया भरपूर सोडलीय, पुढच्या वर्षी उसवू," असं ती म्हणायची, तेव्हा मला हा शब्द तोच वाटायचा, आईच्या मायेतला. वेगळा असेल असं कधी मनातच आलं नाही. आजही मला तो वेगळा वाटत नाही. मूल वाढणार, बाई सुटणार, पुरुषाचं पोट पुढे येणार, हे शिवणाऱ्यानं आधीच जाणून शिवणीच्या पोटात ठेवलेली जागा म्हणजे माया. फ्रॉकच्या खालच्या कडेला ती तीन-तीन दुमडी घालायची. दर वर्षी एक दुमड उसवायची आणि तिथे एक रेघ उमटायची, आसपासच्या कापडापेक्षा गडद, कारण तिला ऊन लागलेलं नसायचं. झाडाच्या खोडात वर्षं दिसतात तशी माझ्या फ्रॉकांवर वर्षं दिसायची. मला त्या रेघांची लाज वाटायची, हेही सांगून टाकते.

आताचा एखादा स्वस्त तयार कपडा उलटा करून बघा. बहुतेकदा शिवणीला लागूनच ओव्हरलॉकची जाळी असते, आणि जाळीच्या पलीकडे काही नसतं. मशीनच तसं, शिवता शिवता बाहेरचं कापड पात्यानं छाटत जातं. एका कपड्यामागे बोटभर कापड वाचलं की लाख कपड्यांमागे किती वाचलं, हा हिशोब मालकाच्या बाजूनं चोख आहे. पण त्यामुळे त्या कपड्यात दुसरं माप मावत नाही. दोन किलो वजन वाढलं की तो गेला. बटणाचंही तसंच: पुष्कळ कपड्यांवर ते एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्यानं बसवलेलं असतं, चुकीच्या बाजूचं टोक ओढलं की सगळा दोरा सुर्रकन निघून येतो आणि बटण हातात. आणि टी-शर्ट! नवा असताना त्याची बाजूची शिवण काखेतून सरळ खाली जाते. पाच धुण्यांनंतर तीच शिवण तिरकी होत पोटावर येते. मला वाटायचं माझंच अंग वाकडं. तसं नसतं, सुताला दिलेला पीळ नीट बसवलेला नसला की धुतल्यावर तो आपला पीळ सोडायला बघतो आणि सगळं विणलेलं कापड गोल फिरतं. पीळ बसवायला वेळ लागतो, आणि वेळ वाचवण्यावर तर सगळा धंदा उभा.

गोळे धरण्याची गोष्ट तर मला कळली तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसले. कापडाला गोळे धरतात ते आखूड तंतू घासून बाहेर आल्यामुळे. निव्वळ सुती कापडावरचे गोळे यथावकाश गळून पडतात, कारण कापसाचा तंतू तुटतो. पण कापसात पॉलिएस्टर मिसळलेलं असलं की ते मजबूत धागे गोळ्यांना धरून ठेवतात, पडू देत नाहीत. म्हणजे टिकावं म्हणून जे घातलं, त्यानंच कपडा लवकर जुना दिसतो. तीच गत ताणल्या जाणाऱ्या पँटींची. त्यातला स्पँडेक्सचा धागा १९५८ मध्ये शोधला गेला, आणि त्यानं आपल्या सगळ्यांवर उपकारच केले, बसता-उठता येतं. पण उष्णतेनं तो मरतो. गुडघ्याशी फुगा येतो तो मग परत बसत नाही. आणि शिवाय दोन-चार टक्के का होईना तो मिसळलेला असला की त्या कापडाचं पुन्हा सूत करणं अवघड होऊन बसतं.

हे सगळं गिऱ्हाइकाला ठाऊक असतं असं नाही. माझ्या मैत्रिणीला पीळ आणि तंतू यांच्याशी काही देणंघेणं नाही. पण हाताला कळतं. तिनं मागे एका दुकानात ब्लाउजची बाही दोन बोटांत धरून चोळली आणि काही न बोलता परत टांगून ठेवली. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही. घरी नेला की त्याचा जीव जाईल." कपडे कमी का घेतले जातायत, यावर मी नंतर बरंच वाचलं, इतकं थोडक्यात कुणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

मापांचं दुखणं त्यात भर घालतं. एका कंपनीचं मध्यम दुसरीचं मोठं असतं, आणि एकाच कंपनीचं निळं मध्यम काळ्या मध्यमपेक्षा वेगळं. मी एकदा एक पँट तीन वेळा मागवून तिन्ही वेळा परत पाठवली. चौथ्यांदा मागवली तेव्हा तिथल्या यंत्रानं मलाच सुचवलं, की तुम्ही फार परत पाठवता. खरंच होतं. मी पण परत मागवलं नाही. (बायकांच्या पँटींच्या खिशांबद्दल मी इथे लिहिणार नाही. लिहायला लागले तर हा लेख त्यातच संपेल, आणि खिशात मात्र मावणार नाही.)

आता सदसद्विवेकाचं. मला वाटायचं, माणसं नवे कपडे कमी घेतायत ती जाग आल्यामुळे. म्हणून मी स्वतःलाच तपासून पाहिलं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या कारखान्यांतल्या शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावलं. १,१३४ माणसं मेली. ढिगाऱ्यात ज्यांची लेबलं सापडली त्यातली काही माझ्या कपाटातही होती. मी तेव्हा रडले होते, मला आठवतं. आणि माझ्या पावत्या सांगतात, की त्याच वर्षी मी दर महिन्याला काही ना काही घेतलं होतं. रडण्याचा खरेदीवर काही परिणाम झाला नाही. जाणीव असते, पण कपड्याच्या दुकानातला दिवा असा असतो की तिच्यावर उजेड पडत नाही. तेव्हा माझ्या आताच्या न घेण्याला मी विवेकाचं नाव देणार नाही. विवेक मागून आला, रिकाम्या खुर्चीवर बसला, आणि आता सगळ्यांना सांगतो की ही खुर्ची मीच आणली.

एका गोष्टीनं मात्र मला खरोखर हलवलं, आणि ती खरेदीची नाही, आवरण्याची आहे. गेल्या वर्षी कपाट रिकामं करायला घेतलं. तीन मोठी बोचकी झाली. द्यायचे कपडे, म्हणून दान. दान म्हणून मन हलकं. ती बोचकी गाडीत ठेवताना मला एक साधा प्रश्न पडायला हवा होता: जे मला नको, ते कुणाला हवं असेल? तो घरी आल्यावर पडला. मग मी शोधत गेले. श्रीमंत देशांतल्या अशा बोचक्यांचे गठ्ठे बांधतात आणि जहाजानं पाठवतात. घानाची राजधानी अक्रा, तिथला कांतामांतो बाजार हा त्यातला एक मोठा मुक्काम. आठवड्याला दीड कोटी कपडे तिथे येतात असा अंदाज सांगतात. या कपड्यांना तिथल्या भाषेत ओब्रोनी वावू म्हणतात, म्हणजे गोरा माणूस मेला. इतके धड कपडे कुणी जिवंतपणी टाकेल यावर सुरुवातीला लोकांचा विश्वासच बसला नव्हता, त्यातून आलेला शब्द. बायका पन्नास-पन्नास किलोंचे गठ्ठे डोक्यावरून वाहून नेतात. विक्रेता गठ्ठा न उघडता विकत घेतो. आत काय निघेल ते नशीब. चांगलं निघालं तर धुऊन, रंगवून, पुन्हा शिवून ते विकणारे हातही तिथेच आहेत, आणि ते हात माझ्यापेक्षा शंभर पटींनी कसबी आहेत. वाईट निघालं तर कर्ज त्याच्या डोक्यावर आणि कापड गटारातून समुद्रात. २०२५ च्या पहिल्याच रात्री तो बाजार आगीत मोठ्या प्रमाणावर जळाला. तिकडे चिलीत अटाकामाच्या वाळवंटात, आल्तो ओस्पिसियो गावाबाहेर, न खपलेल्या कपड्यांचे डोंगर आहेत, काहींवर किमतीची चिठ्ठीही तशीच. वाळवंटात पाऊस नाही, आणि पॉलिएस्टर तसंही कुजत नाही.

माझी बोचकी तिथे गेली असतील असं नाही. जवळच कुणाच्या तरी अंगावर असतील अशी आशा आहे. पण तेव्हापासून दुकानात काही आवडलं की मला त्याचा शेवट आधी दिसतो. हे काही बरं नाही. लग्नाच्या आमंत्रणात बाराव्याची तारीख छापल्यासारखं वाटतं.

वापरलेले कपडे घेण्याची लाज गेली, हे मात्र मला मनापासून आवडलं. व्हिंटेड नावाची वापरलेल्या कपड्यांची ऑनलाइन बाजारपेठ २००८ मध्ये लिथुआनियात निघाली, आता युरोपभर पसरलीय. तिच्यासारख्या आणखी कितीतरी. दुसऱ्याचा उतरलेला कपडा घालणं ही गरिबीची खूण होती ती चोखंदळपणाची झाली. पण माझी भाची तिचे कपडे ॲपवर विकते, आणि विकले की आलेल्या पैशात दुप्पट घेते, "वापरलेलेच तर आहेत, मावशी." तिच्या खोलीत मी गेले तर पाय ठेवायला जागा नव्हती. नवे कमी घेणं आणि कमी घेणं, या दोन गोष्टींत आख्खं कपाट मावतं.

सक्तीनं कमी घ्यायची पाळी माणसांवर पूर्वी आली होती. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना रेशन लागलं आणि ते १९४९ पर्यंत चाललं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. पुरुषाच्या सुटाला २६ जायची, बाईच्या लोकरी झग्याला ११. कापड वाचावं म्हणून पँटच्या पायाशी दुमडून पट्टी घालायला बंदी होती. मग पुरुषांनी काय करावं? मुद्दाम लांब मापाच्या पँटी घ्यायच्या आणि घरी नेऊन बायकोकडून दुमडून घ्यायच्या. सरकार युद्ध लढतंय आणि लोक चार बोटं पट्टीसाठी लबाडी करतायत, हे वाचून मला त्या सगळ्यांबद्दल एकदम प्रेम वाटलं. सरकारनं जुनं दुरुस्त करून वापरायच्या पत्रिकाही वाटल्या: कोपराला ठिगळ कसं लावावं, मोज्याची टाच कशी रफू करावी. रेशन उठल्यावर लोकांनी त्या पत्रिका बहुधा आनंदानं फेकून दिल्या असतील. मीही दिल्या असत्या. सक्तीतून आवड लागत नाही.

आता गंमत अशी, की फ्रान्समध्ये २०२३ च्या अखेरीपासून कपडा दुरुस्त करून घेतला तर बिलात काही रक्कम वळती होते. न खपलेला माल जाळून टाकायला तिथे त्याच्या आधीच बंदी आली. रेशनच्या काळी हुकूम होता, आता आर्जव आहे. उसवलेलं शिवायला माणसाला पैसे द्यावे लागतात, कारण शिवायला लागणारा वेळ नव्या कपड्यापेक्षा महाग झालाय. यात कुणाचा वेळ स्वस्त धरलाय, ते सावरमधल्या त्या इमारतीकडे पाहिलं की कळतं.

मी गेल्या हिवाळ्यात रफू शिकायला घेतलं. स्वेटरच्या कोपराला भोक पडलं होतं. उभे धागे घालायचे, मग आडवे, एक वर एक खाली; सांगायला सोपं. माझं रफू म्हणजे कोपराला आलेलं गळू. पण त्या स्वेटरकडे मी आता अशी बघते की चोरानं घर फोडलं तर आधी तो उचलीन.

आणि मग आईचा निळा कोट. सुती, बिनअस्तराचा, गुडघ्यापर्यंतचा. माझ्या जन्माआधी तिनं स्वतःसाठी शिवला होता. मी तो पंचविशीत तिच्याकडून पळवला. आता पाठीत घट्ट होतो, हात पुढे केले की शिवण कुरकुरते. नवा घ्यावा म्हणून दोन रात्री टोपली भरली आणि सकाळी रिकामी केली. तिसऱ्या रात्री तिलाच फोन लावला.

"आई, त्या निळ्या कोटाला माया सोडली होतीस का गं?"

"न सोडायला काय झालं? बाजूला बघ, दोन बोटं तरी असेल. ब्लेडनं उसवू नकोस, कापड फाटेल. टाका टाका मोड."

फोन कानाशी धरूनच मी कोट उलटा केला. खरंच होती. एकेक टाका सुईनं उचलत गेले, आणि शिवण उघडली तशी आतून एक पट्टी बाहेर आली, गडद निळी, इतकी गडद की बाकीचा कोट कधी निळा होता यावर शंका यावी. मी तिला सांगितलं, की आता दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत रेघ दिसणार.

"दिसू दे. किती मोकळं करतेयस?"

"एक बोट."

ती जरा थांबली. मनात माप घेत असणार.

"मग एक उरतं. अजून एकदा होईल."